आतल्या बाजूने

लेकीचं कपाळ पाठीवर येऊन आदळलं, तेव्हा कुठे मास्तरला कळलं की आपण ब्रेक दाबलाय. दाबायचा असं त्याने काही ठरवलं नव्हतं. सकाळची शाळेची वेळ, रस्ता रोजचाच, स्कूटरही रोजच्यासारखी रमतगमत चाललेली; आणि मागून एक पार्सलवाला पोरगा आतल्या बाजूने सुर्रकन शिरून पुढे निघून गेला, एवढंच काय ते झालं होतं. त्याच्या पाठीवरची चौकोनी पेटी बघता बघता गर्दीत दिसेनाशीही झाली. "बाबा, काय झालं?" लेकीने विचारलं. "काही नाही गं. तो मध्ये आला ना." "मध्ये कुठे? केवढा लांबून गेला तो!" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. कपाळ चोळत ती पुन्हा त्याच्या कमरेला हात टाकून बसली आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली. वर्गातल्या कुणाचा तरी दात पडला होता आणि तो त्याने चुकून गिळला होता. मास्तर हं हं करत होता. शाळेचं फाटक येईपर्यंत त्याची नजर मात्र सारखी आरशात, मागच्या रस्त्यावर जात होती.

मास्तर हे त्याचं खरं नाव नव्हे. पण उभं तारुण्य शर्यतीच्या मोटारसायकली चालवण्यात घालवून, आणि कुठल्या वळणाला गाडी किती झोपवायची यावर कुणी विचारो न विचारो तासन् तास बोलून, त्याने ते कमावलं होतं. वर्तमानपत्रंही आता तेच छापत. बायकोसुद्धा वैतागली की "मास्तर, जरा इकडे लक्ष द्या" म्हणायची. गुडघा डांबराला घासत नेताना ज्याची कधी पापणी लवली नाही, तो माणूस आज पार्सलच्या खोक्याला बिचकला होता. लेक आत गेल्यावर त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि पहिली दोन बोटं सरळ केली. शर्यतीत पुढचा ब्रेक दोनच बोटांनी धरायचा, बाकीचा हात गाडीचा वेग सांभाळतो. बोटं अगदी शांत होती. आता शांत राहायला त्यांचं काय जात होतं म्हणा!

रविवारी याच बोटांनी त्याचा घात केला होता. ट्रॅकवरच्या लांबलचक सरळ पट्ट्याच्या शेवटी जवळजवळ उलटं फिरणारं एक वळण आहे. चालवणारे त्याला सासूबाई म्हणतात, कारण तिथे काहीही करा, काहीतरी चुकलेलंच असतं. ब्रेक लवकर दाबला तर मागचे आत घुसतात, उशिरा दाबला तर आपण थेट खडीत. बाकीचे कडेचे फलक बघून दाबत. मास्तर फलकांकडे ढुंकूनही बघत नसे. तिथे डांबरावर एक जुनं ठिगळ आहे, पुढचं चाक त्यावर चढलं की हँडलला बारीकसा धक्का बसतो, त्या धक्क्याला तो ब्रेक दाबायचा, आणि हे त्याने इतक्या बडबडीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी तो तिसरा होता आणि त्याच्या मागे भुंगा होता. भुंगा म्हणजे यंदा नव्याने आलेल्या पोरांतला सगळ्यात आगाऊ. वारा जाईल एवढी फट दिसली तरी तिच्यात गाडी घालायचा. सारखा कुणाच्या तरी कानाशी गुणगुणतो म्हणून भुंगा. सरळ पट्ट्यावर मास्तरला त्याचं इंजिन ऐकू येत होतं, आधी पाठीमागे, मग खांद्याशी, मग नुसतंच सगळीकडे, कवटीच्या आतसुद्धा. आणि ठिगळ यायच्या आधी, चांगलं आधी, बोटं मिटली. गाडीने नाक खाली टाकलं, आतली बाजू उघड्या दारासारखी मोकळी झाली, भुंगा तीत शिरला, त्याचं कोपर मास्तरच्या गुडघ्याला लागलं, आणि मग आकाश, खडी, आकाश, खडी. उताणा पडून हेल्मेटच्या काचेतून ढगांकडे बघताना पहिला विचार आला तो हाडांचा नव्हता. कुणी पाहिलं का, हा होता.

कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे हजारोंनी पाहिलं होतं, टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते, पण सगळे बघत होते भुंग्याकडे. नव्या पोरांनी सबंध मोसमभर तेच तर केलं होतं. कुणाच्या गुडघ्याला घासून जा, कुणाला खडीत लोट, आणि वर हात हलवून दिलगिरीसुद्धा नाही. जुन्यांनी मिळून तक्रार केली आणि बोलायला मास्तरला पुढे केलं. "एखाद्याचा जीव गेल्यावरच तुमचे डोळे उघडणार का?" असं त्याने भर सभेत विचारलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता खुद्द त्यालाच भुंग्याने पाडलं म्हटल्यावर बोलायचंच राहिलं नाही. लंगडत परत आल्या आल्या संघाच्या मालकाने विचारलं, "घुसला ना तो?" मास्तर म्हणाला, "घुसला." यात खोटं काहीच नव्हतं. मग डॉक्टरला, मग बायकोला, मग फोनवरच्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं, आणि दर खेपेला भुंगा थोडा अधिक जोरात घुसत गेला. आज दुपारी चौकशी समितीपुढे तेच पुन्हा एकदा सांगायचं होतं. सांगितलं की भुंग्यावर बंदी, जुन्यांचं म्हणणं खरं, आणि पुढच्या मोसमात मास्तरची गाडी मास्तरकडेच. नाही सांगितलं तर सगळंच संपलं, कारण भ्यालेल्या माणसाला कुणी गाडी देत नाही. देऊही नये. पोरांना हे शिकवत आला होता तो स्वतःच.

घरी बायको दवाखान्यात जायच्या गडबडीत होती. ती दातांची डॉक्टर. त्याला बघताच पर्स खाली ठेवून म्हणाली, "इकडे ये. आ कर." "आत्ता?" "आ कर रे, इथे उजेड चांगला आहे." खिडकीपाशी नेऊन तिने त्याचा जबडा धरला. "झोपेत कराकरा दात खातोस. ही मागची दाढ बघ, पार सपाट झालीय." स्वतःची दाढ बघणं त्याला शक्य नव्हतं, पण बायकोचे डोळे दिसत होते, आणि त्यात डॉक्टरीण किती आणि बायको किती हे त्याला लावता येईना. "चौकशीचं टेन्शन असेल," तो जमेल तसं बोलला. "चौकशी आत्ताची. दाढ काय चार दिवसांत झिजते?" असं म्हणून ती हात धुवायला गेली. तो तसाच खिडकीत उभा राहिला, तोंड मिटायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. दाढ झिजायला किती लागतं? मोसम सुरू व्हायच्या आधीचं काही आठवतंय का, म्हणून तो मनात चाचपडू लागला. पूर्वी ढग आले की त्याला चेव यायचा, ओल्या ट्रॅकवर त्याच्यासारखा कुणी नव्हता. यंदा ढग आले की शर्यत रद्द होतेय का बघायला तो सारखा बाहेर जायचा. शर्यत सुटायच्या आधी पूर्वी तो थट्टा करायचा, हल्ली लघवीला दोनदोनदा जायचा आणि पाण्याला दोष द्यायचा. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने ते वेगवेगळं ठेवलं होतं, एकाची दुसऱ्याशी गाठ पडू दिली नव्हती. "मुद्दामच घुसला ना तो पोरगा?" बायकोने नळाखाली हात धरून विचारलं. सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण हिला आनंद होईल, ही भीती होती. शर्यतीच्या दिवशी ती टीव्ही लावत नसे, घरातली कपाटं उपसून आवरत बसायची; आजवर सोड म्हणून तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि आता तिच्या तोंडावरचा सुटकेचा भाव त्याला सोसला नसता. "मुद्दाम," तो म्हणाला.

दुपारी मिस्त्री त्याला न्यायला आला. मास्तरच्या पहिल्या शर्यतीपासून त्याची गाडी जोडणारा, खोलणारा, पुसणारा हा एकच माणूस. बोलायला महाग, पण नट आवळताना मात्र गाडीशी लाडीगोडीने बोलणारा. दोघं मोटारीत बसले. "तुम्हाला गाडीचं विचारतील," मास्तर म्हणाला. "विचारू देत. अख्खी खोलली मी. ब्रेक लोण्यासारखा आहे." मग सिग्नलला थांबल्यावर, समोर बघतच मिस्त्री म्हणाला, "ट्रॅकवर जाऊन आलो. तुझ्या चाकाची रेघ बघितली, सासूबाईपाशी." मास्तरच्या मानेवर घाम फुटला. "मग?" "मग काय. आहे रेघ. ठिगळाच्या अलीकडून सुरू होते." म्हणजे ठिगळ त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक असून तो कधी बोलला नव्हता. सिग्नल सुटला, मिस्त्रीने गिअर टाकला. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिला. दुकानं, फुटपाथ, बस थांब्यावर पेंगणारी माणसं, आणि त्या सगळ्यांवरून त्याच्या मनात दादा येऊन उभे राहिले. मास्तर कोवळा पोर होता तेव्हा शर्यतीत दादा म्हणजे शेवटचा शब्द. त्यांना त्याने सासूबाईच्या वळणावरच मागे टाकलं होतं, आतल्या बाजूने, गुडघ्याला घासून. त्या दिवसापासून लोक त्याला ओळखायला लागले. मुलाखतीत कुणी विचारलं की तो खुलून सांगायचा, दादांनी दार जरा किलकिलं ठेवलं आणि मी शिरलो! दादांनी त्याच वर्षी शर्यती सोडल्या आणि टायरचं दुकान टाकलं. अजून मास्तर स्कूटरची हवा बघायला तिथेच जातो, आणि दादा नोकराला बाजूला सारून स्वतः वाकून हवा भरतात. मागे एकदा वाकलेले असतानाच म्हणाले होते, "त्या दिवशी मस्त आला होतास रे आत." किती मोठ्या मनाचा माणूस, असं तेव्हा वाटलं होतं. दादांनी दार किलकिलं का ठेवलं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. आज मोटारीत पडला, आणि पडताक्षणी उत्तरही आलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की काच खाली करून त्याने तोंड वाऱ्यावर धरलं. ज्या एका उडीवर आपण मास्तर झालो, ती उडी दुसऱ्याच्या भीतीत मारलेली होती.

चौकशीची खोली गार होती. लांबलचक टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर पडदा. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. मोटारसायकलीतलं आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. एका बाजूला मालक आणि मिस्त्री, मागच्या खुर्च्यांत दोघं-तिघं जुने चालवणारे, मास्तरकडे बघून मुठी आवळून धीर देणारे. समोर भुंगा. हेल्मेटाबाहेरचा भुंगा मास्तरने नीटसा बघितलाच नव्हता. खांद्यावर मोठा होणारा कोट, गालावर पुटकुळ्या, आणि टेबलाच्या कडेचं सालपट नखाने काढत बसलेला. पडद्यावर तो प्रसंग दाखवला, मग हळू वेगात दाखवला. कोपर, गुडघा, खडी. मागून कुणीतरी "बघा!" म्हणालं. "ओलांडून जायची एवढी काय घाई होती तुम्हाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं. भुंग्याने मान वर केली. "मी ओलांडायला गेलोच नव्हतो, मॅडम." खोलीत हसू पसरलं. "खरंच सांगतो. तिथे मी फलकबिलक बघत नाही. मी मास्तरांना बघतो. मास्तर ब्रेक दाबतात ना, त्यांचा खांदा असा जरा उचलतो. तो उचलला की मी दाबतो. त्यांच्या सगळ्या शर्यती मी लहानपणापासून बघून बघून पाठ केल्यात. त्यांचं चुकत नाही तिथे. त्या दिवशी खांदा फारच लवकर उचलला. मला वाटलं, इंजिन गेलं यांचं. सरळ गेलो असतो तर त्यांच्या पाठीत बसलो असतो. आत मोकळं होतं, म्हणून आत गेलो."

आता हसू आलं नाही. अध्यक्षबाईंनी पडदा पुन्हा चालवायला सांगितला, आणि या खेपेला खोलीतल्या सगळ्यांनी पहिल्यांदाच मास्तरचा खांदा बघितला. तो उचलला. मास्तरला वाटलं, भर सभेत आपले कपडे कुणीतरी एकेक करून काढतंय. "गाडीत काही दोष होता का?" बाईंनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री उभा राहिला. मालकाकडे बघितलं, मास्तरकडे बघायचं टाळलं. "ब्रेक चिकटला असेल, बाई," तो म्हणाला. "आदल्या दिवशी जरा घाईत होतो मी. नीट बघायचा राहिला असेल." त्याचे कान लालभडक झाले होते. जन्मात कधी घाई न केलेला माणूस, एक वायसर जागेवर नसला तर जेवायला न उठणारा, आणि तो भरल्या खोलीत सांगत होता की माझ्या हलगर्जीपणामुळे हा माणूस खडीत पडला. मालकाने सुस्कारा सोडला. बाईही मान हलवू लागल्या. सगळ्यांचीच सोय होत होती: पोरगा सुटत होता, मास्तरचं नाव राहत होतं, गाडी राहत होती. मास्तरने काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं. तो बसून राहिला. पेल्यावरच्या झाकणाकडे बघत, मिस्त्री खाली बसल्याचा आवाज ऐकत, आणि हे कसं गोड लागतंय ते स्वतःशी अनुभवत तो चांगला बसून राहिला. या मिस्त्रीला उद्या नवा संघ विचारील, तुम्हीच ना ते, ज्यांच्याकडून ब्रेक बघायचा राहिला होता? बाई कागदावर काहीतरी लिहायला वाकल्या, तेव्हा त्याला आपलाच आवाज ऐकू आला. "गाडी बरोबर होती."

"म्हणजे?" बाईंनी चष्मा काढला. "गाडीत काही नव्हतं. मिस्त्री खोटं बोलतायत, माझ्यासाठी. मी भ्यालो." एवढं बोलल्यावर थांबता आलं असतं, पण आता थांबवेना. "मागून आवाज आला आणि मी भ्यालो. ब्रेक मीच दाबला, माझ्या नकळत. हल्ली मागून कुणी आलं की होतं असं. आज सकाळी शाळेच्या रस्त्यावरसुद्धा झालं." मागच्या खुर्च्यांत कुणीतरी खाकरलं. आवळलेल्या मुठी मांड्यांवर उतरल्या. मालकाने आपल्या पेनाचं टोपण लावलं, अगदी सावकाश, टक असा आवाज येईपर्यंत, आणि त्या आवाजात मास्तरला पुढचा सबंध मोसम ऐकू आला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कोरडं कोरडं वाटलं, आणि फार तहान लागली.

बाहेर लांब व्हरांडा होता. मालक जवळून जाताना "फोन करतो" म्हणाला, ज्या सुरात लोक न करायचे फोन कबूल करतात त्या सुरात. जुन्यांपैकी कुणी थांबलं नाही. मिस्त्री मात्र थेट अंगावर आला. "गप्प बसायला काय झालं होतं तुला? मी सांभाळून घेत होतो ना!" "तुमचं नाव गेलं असतं." "माझं नाव! माझ्या नावाने कोण गाड्या चालवतंय?" त्याने बाहीने नाक पुसलं, आणखी काही बोलायला गेला, मग "मोटार आणतो" म्हणून तरातरा जिना उतरून गेला. मास्तर खिडकीपाशी उभा राहिला. मागून कुणीतरी येऊन थांबलं, ते त्याला वळायच्या आधीच कळलं, कारण पाठ ताठ झाली होती.

भुंगा होता. कोट काढून हातावर घेतलेला. "मास्तर, मी तसं मुद्दाम नाही सांगितलं. खांद्याचं." "खरं होतं ते." "मला खरंच वाटलं होतं की इंजिन गेलं. दुसरं काही डोक्यातच आलं नाही." मास्तरला त्याच्यावर रागवायचं होतं. मोसमभराचा राग साठवलेला होता, चांगला घोटलेला, सभेत टाळ्या मिळवलेला, आणि या पुटकुळ्यांच्या तोंडासमोर तो कुठे काढावा हेच कळेना. पोराने व्हरांड्यात इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला मागून कुणी आलं की होतं. मला पुढे कुणी असलं की होतं." "काय होतं?" "हेच. भीती." तो शब्द त्याने घाईघाईने टाकून दिला. "मागे राहिलो की डोक्यात नाही नाही ते यायला लागतं. हा घसरला तर, मी याच्या अंगावरून गेलो तर. मग मला थांबवतच नाही. दिसेल तिथून घुसतो. पुढे गेलो की बंद होतं. फक्त तुमच्या मागे असलो की नाही व्हायचं, म्हणून तुमच्या मागे थांबायचो मी." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "सगळे म्हणतात पोरगा वाघ आहे. तुम्ही काय करायचात, माझ्याएवढे असताना?"

कुठल्याही वळणाबद्दल तासभर बोलणारा मास्तर यावरही बोलू शकला असता. श्वास कसा घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, पोरांना सांगतो ते सगळं. पोरगा त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होता, आणि त्या डोळ्यांना आज असलं काही खपणार नाही हे दिसत होतं. "मीही घुसायचो," मास्तर म्हणाला.

पोराने मान हलवली. तो हातावरच्या कोटाच्या गुंड्या चाचपू लागला. "मग पुढच्या शर्यतीत सासूबाईला मी कुणाकडे बघू?" त्याने विचारलं. मास्तरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून मिस्त्रीने हॉर्न वाजवला. दोघंही एकदम दचकले, आणि दोघांनीही एकमेकांचं ते दचकणं बघितलं.